अवघड प्रश्नामागची शंका: नोकरीच्या मुलाखतीची तयारी नेमकी कशाची करायची?

"तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा." हा प्रश्न येणार याची बहुतेक उमेदवारांना कल्पना असते आणि त्याचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलेलं असतं. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. "ही चूक पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली?" पाठ केलेल्या उत्तरात याची सोय नसते. मग आवाज बदलतो, वाक्यं तुटायला लागतात, आणि आधीचं चांगलं उत्तरही बनवलेलं होतं की काय असं समोरच्याला वाटू लागतं.

म्हणून तयारी उत्तराच्या शब्दांची करून भागत नाही. प्रत्येक अवघड प्रश्न म्हणजे मुलाखतकाराच्या मनातल्या एका शंकेचं सभ्य रूप असतं. "आधीची नोकरी का सोडली?" यामागे शंका असते की इथूनही असेच निघून जाल का, किंवा तुमचं माणसांशी पटत नाही का. "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" हा भविष्य विचारणारा प्रश्न नाही. तुम्हाला शिकवून तयार करायला जे सहा-आठ महिने जातील ते वाया तर जाणार नाहीत ना, एवढंच त्यांना बघायचं असतं. "या पदाच्या मानाने तुमचा अनुभव जास्त नाही का?" यात तर तीन शंका दडलेल्या असतात: लवकर कंटाळाल का, पगारावर नाराज राहाल का, आणि वयाने लहान वरिष्ठाचं ऐकाल का. शंका ओळखली की उत्तरात काय हवं ते आपोआप ठरतं. शंका फिटते ती पुराव्याने, आणि पुरावा म्हणजे तुमच्या कामातला एखादा खरा प्रसंग.

टेबलाच्या पलीकडे काय चालतं?

अनेक ठिकाणी मुलाखत ठरीव पद्धतीने घेतली जाते. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात, बहुधा १ ते ५. याचं कारण साधं आहे. मुलाखतीतला अंदाज आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कामगिरी यांचा मेळ किती बसतो, यावर गेली कित्येक दशकं अभ्यास झाले आहेत. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली त्यांचा फेरआढावा घेतला. त्यात ठरीव मुलाखतीचा कामगिरीशी संबंध सुमारे ०.४२ निघाला, आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा सुमारे ०.१९. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत संबंध, हे लक्षात घेतलं तर फरक किती मोठा आहे ते कळतं. नोकरीसाठी माणूस निवडण्याच्या ज्या पद्धती त्या आढाव्यात तपासल्या होत्या, त्यात ठरीव मुलाखत सर्वांत वर होती.

उमेदवाराच्या दृष्टीने यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. मुलाखतकार ऐकता ऐकता टिपणं काढत असतो, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर चर्चा होते ती त्या टिपणांवर. "मी खूप मेहनती आहे, टीममध्ये छान काम करतो" या वाक्यातून कागदावर उतरवण्यासारखं काहीच निघत नाही. "तक्रारींची यादी रोज सकाळी दहा मिनिटं पाहायला सुरुवात केली, प्रलंबित तक्रारी ६० वरून २२ वर आल्या" हे मात्र लिहिलं जातं. उत्तर तयार करताना स्वतःला विचारत राहा: हे ऐकून समोरचा कागदावर नेमकं काय लिहील?

तयारीची सुरुवात दोन कागदांपासून

पहिला कागद म्हणजे नोकरीची जाहिरात. ती छापून घ्या आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारा: समन्वय साधणे, अहवाल तयार करणे, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे, नवीन सहकाऱ्यांना प्रशिक्षण देणे. जी गोष्ट पहिल्या चार-पाच ओळींत आहे किंवा दोनदा आली आहे, तिच्यावर प्रश्न येणार असं धरून चाला. मग प्रत्येक क्रियापदाचा प्रश्न बनवा. "समन्वय साधणे" याचा प्रश्न होतो, "दोन विभागांची मागणी एकमेकांच्या विरोधात होती असा प्रसंग सांगा." एका जाहिरातीतून असे आठ ते बारा प्रश्न सहज निघतात.

दुसरा कागद तुमचाच सीव्ही. तो संशयी माणसाच्या नजरेने वाचा आणि खटकेल तिथे गोल करा. तीन महिन्यांपेक्षा मोठा खंड, वर्षाच्या आत सोडलेली नोकरी, मध्येच बदललेलं क्षेत्र, आधीपेक्षा खालचं पद, कसा मोजला ते न सांगितलेला एखादा आकडा. "विक्रीत ३० टक्के वाढ" असं लिहिलं असेल तर ती कशाच्या तुलनेत, किती काळात, आणि त्यात तुमचा वाटा किती हे विचारलं जाणारच. जिथे उत्तर देता येणार नाही असा आकडा सीव्हीतून काढून टाकलेला बरा. तो ठेवून अडखळण्याचा तोटा जास्त आहे.

प्रसंगांचा साठा

पन्नास प्रश्नांची पन्नास उत्तरं लिहून काढायची गरज नसते. नीट आठवलेले सहा ते आठ प्रसंग बहुतेक प्रश्नांना पुरतात, कारण एकच प्रसंग वेगवेगळ्या बाजूंनी सांगता येतो. साठ्यात निदान इतकं हवं: एक चूक जी तुमचीच होती, सहकाऱ्याशी झालेला एक मतभेद, वरिष्ठांशी झालेला एक मतभेद, अपुऱ्या माहितीवर घेतलेला एक निर्णय, वेळ फार कमी होता असं एक काम, अजिबात येत नव्हतं ते शिकावं लागलं असा एक प्रसंग, आणि ज्याचं तुम्हाला मनापासून समाधान आहे असं एक काम. ताजे प्रसंग घ्या, शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर प्रकल्प, इंटर्नशिप, एखाद्या कार्यक्रमाची जबाबदारी हेही चालतं. मोजमाप तेच राहतं: तुम्ही काय केलं आणि त्याचं काय झालं.

प्रसंग सांगण्याचा एक क्रम जगभर वापरला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'स्टार' म्हणतात आणि डीडीआय या अमेरिकी सल्लागार कंपनीने तो १९७४ साली मांडला. आधी परिस्थिती, मग तुमच्यावरची जबाबदारी, मग तुमची कृती, शेवटी परिणाम. क्रम सगळ्यांना ठाऊक असतो, चुकतं ते प्रमाण. उमेदवार परिस्थिती सांगण्यातच दीड मिनिट घालवतात, कारण ती सांगणं सोपं असतं, आणि कृती दोन वाक्यांत उरकतात. गुण मिळतात कृतीला. दोन मिनिटांच्या उत्तरात परिस्थितीला २० सेकंद, जबाबदारीला १० ते १५, कृतीला साठ-सत्तर आणि परिणामाला २० सेकंद, अशी ढोबळ वाटणी ठेवा. मुलाखतकाराला तुमच्या जुन्या कंपनीतले विभाग, माणसांची नावं, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या यांच्याशी काही घेणंदेणं नसतं.

एक उदाहरण पूर्ण उलगडून पाहू. प्रश्न चुकीबद्दलचाच घेऊ, कारण बहुतेकांना तोच सर्वांत जड जातो. उमेदवार गोदामात मालाची नोंद ठेवणारा आहे. पहिला प्रयत्न असा:

"एकदा साठ्याच्या नोंदीत गडबड झाली होती. थोडा गोंधळ झाला, पण टीमने मिळून तो सोडवला. त्यातून मी खूप शिकलो."

यात खोटं काही नाही, पण गडबड कोणी केली हेच कळत नाही. "खूप शिकलो" म्हणजे काय तेही नाही. आता हाच प्रसंग नीट सांगितलेला:

"मोजणीच्या वेळी मी ४० पेट्या मोजल्या आणि नोंद करताना एककाच्या रकान्यात पेटीऐवजी नग निवडलं. एका पेटीत १२ नग होते, म्हणजे ४८० नगांच्या जागी संगणकावर ४० दिसू लागले. त्यावरून खरेदी विभागाने ४४० नग मागवले. दोन दिवसांनी मागणीपत्र पाहताना ते माझ्या लक्षात आलं. मी त्याच तासात वरिष्ठांना सांगितलं, नंतर पुरवठादाराला फोन केला. २२० नग निघालेले नव्हते, ते थांबवता आले. उरलेले २२० जास्तीचे आले आणि ते खपायला दोन महिने लागले. त्यानंतर मी एक पद्धत सुरू केली. मोजणी झाल्यावर नवा आकडा आणि मागच्या मोजणीचा आकडा शेजारी ठेवायचे, आणि निम्म्याहून जास्त फरक असेल तर पुन्हा मोजल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. पुढच्या सहा महिन्यांत या पद्धतीने अशाच दोन नोंदी वेळेत पकडल्या गेल्या."

साधारण मिनिटभराचं उत्तर आहे. चूक छोटी वाटते, पण ती स्पष्टपणे सांगणाऱ्याची आहे, नुकसान किती ते कळतं, आणि बदल असा आहे की तो खरंच केला का ते विचारून तपासता येतं. "मी अधिक काळजी घेऊ लागलो" हा बदल नव्हे. काळजी घेतली की नाही हे कोणालाच तपासता येत नाही.

आता खरी मेहनत. या प्रसंगावर तीन पायऱ्या खाली जाऊन स्वतःलाच उलटतपासणीचे प्रश्न विचारा. नोंद पक्की होण्याआधी दुसरं कोणी तपासत नव्हतं का? वरिष्ठ काय म्हणाले? जास्तीच्या मालाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला? ही पद्धत आधीच का नव्हती? खरेदी विभागाचीही चूक होती असं वाटतं का? शेवटचा प्रश्न सापळ्यासारखा वाटतो, आणि त्यावर दोष झटकायचा मोह होतो. "त्यांनी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला, तो चुकीचा मी दिला होता" एवढंच उत्तर पुरे असतं. प्रसंग खरा असेल तर अशा प्रश्नांची उत्तरं आठवणीतून येतात. रचलेला प्रसंग साधारण तिसऱ्या प्रश्नापाशी उघडा पडतो, कारण रचणाऱ्याने तिथपर्यंत विचारच केलेला नसतो. प्रसंग बनवू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो त्यामागे नीतीइतकंच हेही कारण आहे.

'झालं', 'केलं गेलं' आणि 'आम्ही'

मराठीत बोलताना आपण कर्त्याला सहज लपवतो. "निर्णय घेण्यात आला", "मग ते सुरळीत झालं", "अहवाल पाठवला गेला". घरी-दारी हे खटकत नाही, उलट नम्रपणाचं वाटतं. मुलाखतीत मात्र ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की निर्णय घेतला कोणी? तेच 'आम्ही'चं. "आम्ही नवी पद्धत बसवली" यातून तुम्ही ती सुचवली, बसवली, की फक्त वापरली ते कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला गुण देता येत नाहीत.

सतत 'मी, मी' म्हणणं मात्र अनेकांच्या जिभेवर येत नाही, आणि ते साहजिक आहे. त्याला सोपी वाट आहे. आधी एका वाक्यात टीमचं श्रेय नीट सांगून टाका, मग आपल्या भागाची क्रियापदं 'मी'ने सुरू करा. "पाच जणांची टीम होती, रचना एका वरिष्ठ सहकाऱ्याची होती. चाचणीचा भाग माझ्याकडे होता. मी आधी..." एवढं केल्यावर संकोच वाटायचं कारण उरत नाही.

मुलाखत इंग्रजीत किंवा दुसऱ्या भाषेत होणार असेल तर सराव पहिल्यापासून त्याच भाषेत करा. मराठीत पक्कं केलेलं उत्तर ऐन वेळी मनात भाषांतर करत बोलायला गेलं की वेग निम्म्यावर येतो आणि नेमके कृतीचे शब्दच सापडत नाहीत. प्रत्येक प्रसंगाची पाच-सहा क्रियापदं त्या भाषेत आधीच शोधून ठेवा.

काही प्रश्न, जे खरोखर टोचतात

"तुमची कमकुवत बाजू कोणती?" याला "मी परफेक्शनिस्ट आहे" किंवा "मी जरा जास्तच काम करतो" ही उत्तरं मुलाखतकारांनी इतक्यांदा ऐकलेली असतात की ती कानावर पडताच पेन खाली ठेवलं जातं. यामागची शंका अशी असते: या माणसाला स्वतःची उणीव दिसते का, आणि दिसली तर तो काही करतो का? उणीव खरी निवडा, पण या पदाच्या गाभ्याची नको. हिशेबाच्या पदाला "आकड्यांत माझी गफलत होते" हे सांगून चालणार नाही, "मोठ्या बैठकीत मी लगेच बोलत नाही" हे चालेल. त्यापुढे उणिवेचा परिणाम दाखवणारं एक उदाहरण, आणि सध्या चालू असलेला उपाय: "बैठकीच्या आदल्या दिवशी माझे दोन मुद्दे लिहून बैठक घेणाऱ्याला पाठवतो, म्हणजे मला बोलायला सांगितलंच जातं." उपायाने किती फरक पडला हे खरं ते सांगा. उणीव पूर्ण गेली असा दावा करू नका. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

नोकरीवरून काढलं असेल, तर त्या प्रश्नाची भीती इतकी असते की उमेदवार पाच मिनिटं स्पष्टीकरण देत बसतो. इथे तीन वाक्यं पुरतात. एक, काय घडलं. दोन, त्यात माझा वाटा काय होता. तीन, त्यानंतर मी काय वेगळं केलं. "पहिल्या सहा महिन्यांचं विक्रीचं उद्दिष्ट मी गाठू शकलो नाही आणि माझी नियुक्ती कायम झाली नाही. मी ओळखीच्या ग्राहकांवरच अवलंबून राहिलो, नवीन ग्राहक शोधायला उशीर केला. पुढच्या नोकरीत पहिल्या महिन्यापासून आठवड्याला ठरावीक नवीन भेटी ठेवल्या आणि पहिल्याच तिमाहीत उद्दिष्ट पूर्ण झालं." यानंतर गप्प बसा. मुलाखतकार लिहीत असेल, खोलीत काही सेकंद शांतता असेल, ती तुम्ही भरून काढायची नसते. जे बोलायचं नव्हतं ते बहुतेक वेळा त्या शांततेत तोंडून निघतं. संपूर्ण विभागच बंद झाला किंवा मोठी कपात झाली असेल तर किती जणांची गेली हे सांगा, मग ते तुमच्या कामगिरीशी जोडलं जात नाही. आणि तारखा कधीही ओढूनताणून जुळवू नका. आधीच्या ठिकाणी चौकशी होते तेव्हा सर्वांत आधी रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीखच तपासतात.

करिअरमधल्या खंडाचंही असंच. आजारपण, घरातल्या कोणाची काळजी, मूल लहान असणं ही कारणं एका वाक्यात सांगता येतात. वैद्यकीय तपशील द्यायची गरज नाही. शंका एवढीच असते की आता तुम्ही पूर्ण वेळ काम करू शकाल का आणि कामाचा सराव सुटला आहे का. "ती परिस्थिती आता संपली आहे" हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्या काळात किंवा अलीकडे कामाशी संबंधित केलेली एखादी गोष्ट जोडा: एखादा अभ्यासक्रम, अर्धवेळ काम, नव्या सॉफ्टवेअरवर केलेला सराव. लग्न, मूल होण्याचा विचार, धर्म यांबद्दल थेट विचारलं तर कामाकडे वळवता येतं: "या पदासाठी लागणारा वेळ आणि प्रवास मला जमेल, त्याबद्दल काही विशेष अट असेल तर सांगा." अशा प्रश्नांमागे खरंच कामाच्या वेळेची काळजी असेल तर ती या उत्तराने मिटते. काळजी नसून दुसरंच काही असेल, तर त्या जागेबद्दल तुम्हालाही काहीतरी कळलेलं असतं.

वरिष्ठांशी मतभेदाच्या प्रश्नात दोन टोकं टाळा. "माझा कधीच कोणाशी मतभेद झाला नाही" म्हणजे एकतर तुम्ही बोलत नाही किंवा आता सांगत नाही. आणि जिथे तुम्ही बरोबर, वरिष्ठ चूक, शेवटी त्यांना मान्य करावं लागलं, असा प्रसंग पहिल्या झटक्यात निवडू नका. ज्यात तुम्ही माहिती घेऊन एकांतात बोललात, निर्णय तुमच्या विरोधात गेला, तरीही तो नीट अमलात आणलात, असा प्रसंग जास्त वजनदार ठरतो. कोणत्याही संस्थेत बहुतेक मतभेद असेच संपतात, आणि तेव्हा तुम्ही कसे वागता हेच त्यांना जाणून घ्यायचं असतं. जुन्या वरिष्ठाबद्दल एकही विशेषण वापरू नका. काय घडलं तेवढं सांगा.

"आम्ही तुम्हालाच का घ्यावं?" याची तयारी जाहिरातीच्या कागदावर झालेलीच असते. त्यांच्या तीन मुख्य गरजा, प्रत्येकीसमोर तुमचा एकेक पुरावा, मिनिटभरात संपवा. इतर उमेदवारांशी तुलना करू नका, तुम्ही त्यांना पाहिलेलंही नाही.

पगाराच्या अपेक्षेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. पहिला आकडा बोलला गेला की पुढची सगळी चर्चा त्याच्या आसपास फिरते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिलं की समोर आलेला आकडा संबंध नसलेला असला तरी माणसाचा अंदाज आपल्याकडे ओढतो. म्हणून मुलाखतीला जाण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: ज्याच्या खाली तुम्ही नोकरी घेणार नाही तो, बाजारात या पदाला साधारण मिळतो तो, आणि तुम्ही मागणार तो. मधला आकडा शोधायला त्याच पदाच्या किमान चार-पाच जाहिराती आणि त्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोन-तीन माणसांशी बोलणं लागतं. विचारलं की आधी म्हणा, "या पदासाठी तुम्ही ठरवलेली मर्यादा कळली तर मला नीट सांगता येईल." पुन्हा आग्रह झाला तर टाळत बसू नका, आकडा सांगा आणि एका वाक्यात आधार द्या. पट्टा, म्हणजे किमान ते कमाल आकडा, सांगणार असाल तर खालचं टोकही तुम्हाला चालणारं असू द्या, कारण ऐकणारा तेच लक्षात ठेवतो. सध्याचा पगार विचारणं सगळीकडे चालतं असंही नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार नियोक्त्याने उमेदवाराला त्याच्या आधीच्या पगाराबद्दल विचारू नये, आणि पदाचा सुरुवातीचा पगार किंवा त्याचा पट्टा उमेदवाराला कळवावा. जिथे असा नियम नाही आणि तुम्हाला विचारलंच, तिथे खरा आकडा सांगा किंवा नम्रपणे नकार द्या. फुगवून सांगू नका, पगाराची पावती मागितली जाऊ शकते.

उत्तर येतच नसेल तर

तांत्रिक प्रश्नाचं उत्तर माहीत नसणं हा गुन्हा नाही. अंदाजाने ठोकून देणं महागात पडतं, कारण विचारणाऱ्याला बहुधा उत्तर माहीत असतं. माहितीची सीमा सांगा आणि त्या सीमेपासून विचार करून दाखवा: "ही यंत्रणा मी वापरलेली नाही. यासारखी दुसरी वापरली आहे, तिथे अशी अडचण आली की मी आधी नोंदी तपासायचो. इथेही तिथूनच सुरुवात करेन, मग..." विचार मोठ्याने करा. मनातल्या मनात केलेल्या विचाराला गुण देता येत नाहीत.

"असं झालं तर तुम्ही काय कराल?" या काल्पनिक प्रश्नांत घाई करून उपाय सांगू नका. आधी एक प्रश्न विचारून परिस्थिती स्पष्ट करून घ्या. मग पहिल्या तासात काय कराल, कोणाला कळवाल, आणि कोणती माहिती मिळाली तर निर्णय बदलाल, या क्रमाने बोला. तुमच्या साठ्यात जवळचा प्रसंग असेल तर शेवटी तो जोडा. विमानात टेनिसचे चेंडू किती मावतील असल्या कोड्यांवर फार वेळ घालवू नका. त्यांचा निवडीला उपयोग होत नाही असं गूगलचे मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. तरी विचारलंच तर गृहीतकं एकेक करून मांडा आणि गुणाकार करत जा. पायऱ्या दिसल्या की पुरे.

सराव कसा करायचा

उत्तरं लिहून ती पुन्हा पुन्हा वाचणं ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. वाचलं की येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं. मुलाखत पाच मिनिटांनी नसते.

त्यामुळे प्रत्येक प्रसंगासाठी एक छोटं कार्ड करा आणि त्यावर पाच-सहा शब्दच लिहा. गोदामाच्या प्रसंगाचं कार्ड असं असेल: पेटी-नग, ४८०/४०, त्याच तासात सांगितलं, २२० थांबवले, शेजारी आकडे. वाक्यं लिहू नका, नाहीतर तीच तोंडपाठ होतात आणि एक शब्द विसरला की पुढचं सगळं जातं. कार्ड उलटं ठेवून मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. ऐकताना तीन गोष्टी मोजा: प्रश्नाशी थेट संबंध असलेलं पहिलं वाक्य किती सेकंदांनी आलं, 'आम्ही' किती वेळा आणि 'मी' किती वेळा, आणि 'म्हणजे', 'बेसिकली', 'ॲक्च्युअली' हे किती वेळा. पहिलं रेकॉर्डिंग ऐकवत नाही, ते सगळ्यांचंच तसं असतं. तिसऱ्यापर्यंत फरक पडतो.

हाताशी आठवडा असेल तर पहिल्या दिवशी दोन्ही कागद आणि प्रसंगांची यादी, दुसऱ्या दिवशी कार्डं आणि पहिलं बोलणं. चौथ्या दिवशी कोणाला तरी समोर बसवा आणि त्याला एकच काम द्या: प्रत्येक उत्तरावर तीन उपप्रश्न विचारायचे, मध्येच तोडलं तरी चालेल. घरातलं माणूस चालतं, मात्र ते तुमच्या क्षेत्रातलं नसेल तर फायदाच होतो. तुमचं कुठे समजत नाही ते त्याला पटकन कळतं. सहाव्या दिवशी पुन्हा एकदा, प्रश्नांचा क्रम बदलून. आदल्या संध्याकाळी नवीन काही घेऊ नका, कार्डं एकदा फिरवून ठेवून द्या.

प्रत्यक्ष खोलीत

प्रश्न आल्यावर तीन-चार सेकंद थांबायला हरकत नसते. तुम्हाला ते फार लांब वाटतात, समोरच्याला वाटत नाहीत. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर "चांगलं उदाहरण आठवतो, एक क्षण द्या" असं सांगा. प्रश्नात दोन-तीन भाग असतील तर ते वहीत टिपून घ्या, दुसरा भाग विसरणं फार सामान्य आहे. उत्तर मध्येच भरकटल्याचं लक्षात आलं तर ओढत नेऊ नका: "मी बाजूला गेलो, तुमचा प्रश्न वेळेच्या नियोजनाचा होता." आधी दिलेला आकडा चुकला हे नंतर आठवलं तर तेही सांगून टाका. पॅनेलमध्ये तीन-चार जण असतील तर उत्तराची सुरुवात विचारणाऱ्याकडे पाहून करा आणि मधला भाग सगळ्यांना सांगा. व्हिडिओवर मुलाखत असेल तर स्क्रीनवर उत्तरं चिकटवून वाचू नका. डोळे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत फिरताना स्पष्ट दिसतात.

बाहेर पडल्यावर तासाभराच्या आत सगळे प्रश्न लिहून काढा, आणि जिथे अडखळलात तिथे खूण करा. पुढची फेरी असेल तर पहिल्या फेरीची टिपणं पुढच्या मुलाखतकाराकडे गेलेली असू शकतात, आणि पहिल्यांदा जे उत्तर अर्धवट वाटलं तिथेच तो पुन्हा विचारतो. खूण केलेल्या प्रश्नासाठी नवं कार्ड त्याच रात्री तयार करून ठेवा, कारण नेमका कोणत्या उपप्रश्नावर अडकलो होतो हे दोन दिवसांनी आठवत नाही.